चेहऱ्यावरचं क्रीम सोडताना: माझे अकरा महिने

मी सोलापुरात राहते. एका पतसंस्थेत कॅशियर आहे, दिवसभर काचेच्या खिडकीमागे बसून लोकांशी बोलायचं काम. मे २०२४ ते मार्च २०२५ हे अकरा महिने मी चेहऱ्याला लावायचं एक स्टिरॉइडचं क्रीम सोडण्यात घालवले. त्यातल्या पहिल्या महिन्यात रात्री दोन-दोन वाजता उठून मोबाइलवर शोधायचे, की क्रीम थांबवल्यावरची ही चेहऱ्याची आग किती दिवस चालते, यातून कुणी बाहेर पडलंय का. मला हवं तसं मराठीत काही सापडलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, बरी झाले की तारखांसकट लिहायचं. मी डॉक्टर नाही. यातली औषधं माझ्या चेहऱ्यासाठी माझ्या डॉक्टरांनी दिलेली आहेत, वाचून कुणी दुकानातून आणू नका. मी तेच केलं होतं.

धाकटी २०२१ मध्ये झाली आणि त्या बाळंतपणात दोन्ही गालांच्या हाडांवर वांग आले. तपकिरी, नकाशासारखे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नणंदेच्या लग्नाची खरेदी चालू होती. थोरल्या जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हे घे. मला डॉक्टरांनी दिलं होतं, पंधरा दिवसांत साफ होतात." अर्धी ट्यूब होती. मी रात्री तोंड धुऊन सगळ्या चेहऱ्याला लावली, साधं क्रीम लावतात तशी.

खरंच साफ झाले. लग्नाच्या फोटोत माझा चेहरा इतका नितळ आहे की आजही तो फोटो बघवत नाही. सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस. ट्यूब संपल्यावर मी रिकामी ट्यूब घेऊन मेडिकलमध्ये गेले. त्यांनी बघितली, नवीन दिली. चिठ्ठी मागितली नाही, मीही विचारलं नाही. १५ ग्रॅमची ट्यूब, शंभराच्या आत. त्यानंतर दर महिन्याला एक.

२०२३ च्या उन्हाळ्यात माहेरी मंगळवेढ्याला गेले तेव्हा ट्यूब घरी विसरले. तिसऱ्या दिवशी गाल खाजायला लागले, लाल झाले. आई म्हणाली, पाणी बदललं असेल. परत आल्यावर क्रीम लावलं आणि एका रात्रीत सगळं शांत. मला वाटलं, बघा, क्रीम किती चांगलं आहे. या एका समजुतीत माझं पुढचं वर्ष गेलं. लावलं नाही की चेहरा बिघडतो, म्हणजे माझ्या त्वचेला हे लागतंच, असा मी अर्थ लावला. तो बिघाड क्रीमनेच तयार केलेला होता हे कळायला पुढचा मे उजाडला.

मधल्या काळात बरंच काही होत होतं, पण मी एकेकाला वेगळं कारण देत गेले. भाकरी थापताना तव्याची धग गालाला चटका देऊन जायची, म्हटलं उन्हाळा आहे. तोंडाभोवती बारीक पुळ्या यायला लागल्या, म्हटलं पस्तिशीच्या आसपास हार्मोन्स बदलतात. गालावर लव वाढली. नाकाच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक लाल रेषा दिसू लागल्या. पावडर लावली की झाकायच्या, मग मी पावडर वाढवली.

७ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. मी सकाळी अकराला रांगेत उभी राहिले, पाऊण तास ऊन लागलं आणि घरी आले तेव्हा चेहरा विस्तवावर धरल्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये भुवया आणि ओठांवरची लव काढायला गेले. ओठाच्या वर दोरा फिरवला आणि ती मुलगी एकदम थांबली. गव्हाच्या दाण्याएवढी कातडी दोऱ्याबरोबर निघून आली होती. खाली ओलसर गुलाबी. तिने कापूस धरला आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही चेहऱ्याला कुठलं क्रीम लावता?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे अशा अजून तिघी येतात. तुम्ही स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, मी आता तुमच्या तोंडाला हात लावणार नाही." त्या मुलीने पन्नास रुपयांचं गिऱ्हाईक सोडून मला खरं सांगितलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ १३ मे ची मिळाली. पहिल्या भेटीची फी ५०० रुपये. फोनवरच सांगितलं होतं, "चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा, पावडर-फेसवॉशसकट." हे सांगणं फार उपयोगाचं ठरलं. तुम्हीही न सांगता न्या, रिकाम्या ट्यूबसुद्धा. नंबर लागायला दोन तास गेले. मॅडमनी चेहऱ्यावर एक भिंग लावलेलं छोटं यंत्र टेकवलं आणि मोबाइलच्या पडद्यावर माझा गाल मला दाखवला. गुलाबी जमिनीवर लाल मुळ्यांचं जाळं पसरावं तसं दिसत होतं. मग त्यांनी ट्यूब उचलली, त्यावरची बारीक अक्षरं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के.

"यातलं शेवटचं काय आहे माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. सूज, लाली, खाज दाबणारं औषध. त्यांनी सांगितलं की तीन औषधांचं असं मिश्रण वांगासाठी १९७५ पासून वापरात आहे, त्यात फसवाफसवी काही नाही, पण ते ठरावीक आठवड्यांसाठी, फक्त डागावर आणि देखरेखीखाली लावायचं असतं. चेहऱ्याची कातडी मुळात पातळ. हाताच्या आतल्या बाजूला जेवढं स्टिरॉइड मुरतं त्याच्या सहापट कपाळावर, तेरापट जबड्यापाशी आणि त्याहूनही जास्त पापणीवर मुरतं. मी ते अठरा महिने रोज, पापण्यांपर्यंत लावलं होतं. त्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात म्हणून चेहरा उजळ दिसतो. औषध थांबलं की त्या सैल पडून फुगतात आणि दाबून ठेवलेली सगळी आग एकदम वर येते.

"चेहरा स्टिरॉइडवर अवलंबून झालाय," त्या म्हणाल्या. "आज थांबवलं की पुढच्या आठवड्यात तुम्हाला वाटेल मी तुमचं वाटोळं केलं. तेव्हा परत लावू नका. मला फोन करा."

काही रुग्णांना त्या सौम्य स्टिरॉइड देऊन पायरी-पायरीने उतरवतात. माझ्या बाबतीत त्यांनी सरळ थांबवायचं ठरवलं. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, सहा आठवडे. देण्याआधी दिवस राहण्याची शक्यता नाही ना, हे नीट विचारलं. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्री खाजेसाठी एक गोळी. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. बाकी काही म्हणजे काहीच नाही. फेसवॉश, गुलाबपाणी, बेसन, पावडर सगळं बंद. औषधांचे १,१४० रुपये झाले.

घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "स्टिरॉइड तर जिममधली पोरं घेतात ना?" मला तरी कुठे माहीत होतं. त्या रात्री बसून दोघांनी ट्यूब नीट बघितली. लाल चौकट आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं इंग्रजीत छापलेलं आहे. अठरा महिने ती चौकट रोज माझ्या हातात होती.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी, १६ मे ला, सकाळी उठले तर डोळ्यांखाली सूज. सहाव्या दिवशी सगळा चेहरा लालभडक, हनुवटीवर पिवळ्या टोकाच्या पुळ्या. आग तर अशी की पंख्याचा वारा लागला तरी बरं वाटायचं आणि दोन मिनिटांत तोच वारा टोचायचा. कातडी ताणून बसवल्यासारखी, हसायला गेलं तर ओढ बसायची. बाहेर पारा ४० च्या वर. मुलगा चौथीत होता, त्याने विचारलं, "आई, तुझं तोंड भाजलं का?" मी हो म्हटलं. तेच सांगणं सोपं होतं.

सासूबाईंचा जीव तुटत होता. त्या कोरफड कापून आणायच्या, कधी साय, कधी चंदन. रोज नाही म्हणताना मलाच वाईट वाटायचं. शेवटी मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यांनी सासूबाईंना समजावलं, "आजी, तिच्या तोंडावर आत्ता कातडीच नाही असं समजा. उघड्या जखमेवर आपण चंदन लावतो का?" त्यानंतर सासूबाईंनी दुसरं काम उचललं. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून त्या पाण्यात भिजवून, पिळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. बर्फ नाही, फक्त गार कापड. दहा मिनिटं ठेवायचं, काढायचं, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. त्या बारा-पंधरा दिवसांत मला सर्वांत जास्त कशाने तारलं असेल तर त्या डब्याने.

नववी रात्र सगळ्यात वाईट. २१ मे. साडेतीन वाजता मी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी होते आणि कपाटात अर्धी ट्यूब आहे हे मला माहीत होतं. एक वाटाण्याएवढं लावलं तर तासाभरात झोप लागेल हेही माहीत होतं. कपाट उघडलंही. ट्यूब तिथे नव्हती. यांनी ती दोन दिवसांपूर्वीच उचलून त्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली होती, मला न सांगता. मी तिथेच खाली बसून रडले. घरात कुणी हे क्रीम सोडत असेल तर ट्यूब त्या माणसाच्या हाताबाहेर ठेवा. पण फेकू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

बाराव्या दिवसानंतर आग कमी झाली. लाली तशीच होती, पण मी सलग पाच तास झोपले. रजा संपली होती, म्हणून सुती मास्क लावून कामावर गेले. मास्कमध्ये घाम साचून पुळ्या वाढल्या, तेव्हा साहेबांना खरं सांगून टाकलं. त्यांनी महिनाभर मला आतल्या टेबलावर बसवलं. सांगायला मी उगाच घाबरत होते.

२७ मे ला दुसरी भेट, फी ३००. आता टॅक्रोलिमस ०.०३ टक्के मलम सुरू झालं. हेही दाह कमी करणारंच, पण स्टिरॉइड नव्हे, त्यामुळे कातडी पातळ करत नाही. मात्र पहिले काही दिवस लावल्यावर चुरचुरतं, गरम वाटतं, हे त्यांनी आधी सांगितलं म्हणून मी टिकले. नाहीतर दुसऱ्याच दिवशी ‘सोसत नाही’ म्हणून सोडलं असतं. माझ्यापुरत्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या. तोंड धुतल्यावर अर्धा तास थांबून पूर्ण कोरड्या कातडीवर लावायचं आणि ट्यूब लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. चुरचुर आठवड्यात गेली. दहा ग्रॅमला जवळपास तीनशे रुपये पडायचे.

या भेटीत मी मॅडमना विचारलं, की मी एकटीच अशी वेडी का. त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेलं होतं. मैत्रीण, शेजारी, दुकानदार. मी त्या यादीत ‘जाऊबाई’ असं मनातल्या मनात लिहिलं. या अवस्थेला आपल्याकडच्या डॉक्टरांनी वेगळं नावही दिलंय आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमलंय. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडं असलेली क्रीमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. मला ट्यूब मिळू लागली २०२२ मध्ये. नियम होता आणि तरी मिळत होती, याचा मला आजही राग येतो.

त्या रागाचं काय करायचं हे मॅडमनीच सुचवलं. औषधाचा दुष्परिणाम झाला तर रुग्ण स्वतः त्याची सरकारकडे नोंद करू शकतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रम म्हणून आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला, भारतीय औषधकोश आयोगात. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी कामाच्या वेळेत लागतो. मी १३ जूनला जेवणाच्या सुट्टीत लावला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत शांतपणे सगळं ऐकून घेतलं. रुग्णांसाठीचा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. त्यात पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं चालतात. वय, औषधाचं नाव, कधी सुरू केलं, कधी थांबवलं, त्रास कधी सुरू झाला, त्याने रोजच्या कामावर परिणाम झाला का, हे सगळं विचारतात. बॅच नंबर आणि मुदत लिहायला ट्यूब हातात लागते, म्हणून ती फेकू नका म्हटलं. बॅच नंबर ट्यूबच्या चपट्या टोकावर दाबून छापलेला असतो आणि आपण नेमकं तेच टोक गुंडाळत जातो. माझ्या चारपैकी तीन ट्यूबवर तो वाचता आला नाही. चौथीचा उन्हात तिरपी धरून वाचला.

औषध कुणी सुचवलं, असाही एक रकाना आहे. डॉक्टर, औषध विक्रेता, मित्र किंवा नातेवाईक, स्वतः. मी नातेवाईक या चौकटीत खूण केली आणि पेन तिथेच बराच वेळ धरून बसले. जाऊबाईंनी माझं वाईट व्हावं म्हणून दिलं नव्हतं. आपली चांगली साडी काढून द्यावी तसं दिलं होतं. फॉर्म स्कॅन करून ईमेलने पाठवला. यातून नुकसानभरपाई मिळत नाही, दुकानदारावर कारवाईही होत नाही, तो त्याचा उद्देशच नाही. पण माझे अठरा महिने कुठेतरी एका नोंदीत गेले, याने मला बरं वाटलं.

जुलै ते डिसेंबर सांगण्यासारखं फार नाही आणि तेच या आजाराचं कठीण आहे. डॉक्सिसायक्लिन जूनअखेर संपलं. पुळ्या गेल्या, ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा उसळल्या, चार दिवसांत बसल्या. टॅक्रोलिमस रोजचं दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, दिवाळीनंतर बंद. दीड-दोन महिन्यांनी एक भेट. मी दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत, त्याच उजेडात चेहऱ्याचा एक फोटो काढायचे. रोज आरशात बघून फरक कळत नाही, जीव रडकुंडीला येतो. चार रविवारचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. सप्टेंबरमध्ये भाकऱ्या करताना पहिल्यांदा लक्षात आलं, की अरे, चटका बसला नाही.

वांग परत आले. हे लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरमध्ये गालांवर आधी होते तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच दिसायला लागले. नाकाशेजारच्या लाल रेषा फिकट झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, त्यांना लेझर करता येतं, एका वेळचे काही हजार. मी नको म्हटलं. वांगासाठी जानेवारीत ॲझेलाइक ॲसिड सुरू केलंय आणि आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन, कारण वांग नुसत्या उन्हाने नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. किती लावायचं त्याचं मापही शिकले, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा. छत्री तर आता पर्सइतकीच सवयीची झालीय. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेले, दुपारी नंदीध्वज बघत उभी राहिले, छत्री धरून, पावडरीशिवाय.

१० मार्च २०२५ ला मॅडमनी फाइलवर ‘सहा महिन्यांनी’ असं लिहिलं. सगळा खर्च मांडला तर भेटींचे २,६०० आणि औषधांचे सहा हजारांच्या आसपास. शिवाय अकरा दिवसांची रजा.

जाऊबाईंशी मी बरेच महिने हे बोलले नव्हते. फेब्रुवारीत त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दुपारी दोघीच होतो. उजेडात बघितलं तर त्यांच्या गालांवर पांढरट ठिपके आणि त्याच लाल रेषा. मी माझे रविवारचे फोटो त्यांना दाखवले, पहिल्यापासून. बराच वेळ त्या एकही शब्द बोलल्या नाहीत. मग पर्समधल्या छोट्या कप्प्यातून त्यांनी घड्या पडून फाटायला आलेली डॉक्टरांची मूळ चिठ्ठी काढली. २०२० ची होती. क्रीमच्या नावापुढे लिहिलं होतं: रात्री, फक्त डागांवर, सहा आठवडे.

"मी हे कधी वाचलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मेडिकलवाल्याला नाव दाखवायला ठेवली होती."

त्यांच्या डॉक्टरांनी आधी सौम्य औषध देऊन उतरवलं आणि मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळं थांबवलं. काल रात्री अकराला त्यांचा मेसेज आला, सुजलेल्या डोळ्यांचा फोटो आणि खाली, "नववा दिवस आहे. लावू का थोडं?" मी लगेच फोन लावला. दादांना उठवून ट्यूब त्यांच्याकडे द्यायला सांगितली, फ्रिजमधलं गार कापड आणायला सांगितलं आणि त्या कापड ठेवत होत्या तोवर फोन चालू ठेवला. साडेबाराला त्यांना झोप लागली, असं दादांनी कळवलं.